पोर्तुगालचे पंतप्रधान डॉ. सालाझार यांस एका गोमंतकीयाचे खुले पत्र

मुंबई, जानेवारी १९५६

माननीय डॉ. आंतोनियो द ऑलिव्हेरा सालाझार,
लिस्बन, यांस

महोदय,

गेल्या डिसेंबरच्या २२ तारखेला आपल्या सरकारने हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध अर्ज दाखल केला. दमणहून दादरा आणि नगर हवेलीकडे भारताच्या मुलखातून जाण्याचा पोर्तुगालला हक्क आहे आणि भारताने ती वाट अडवली आहे, अशी त्या अर्जातली तक्रार आहे. त्याच महिन्यात आपला देश संयुक्त राष्ट्रसंघाचा सभासद झाला, आणि त्या संघाची सनद, जिच्यात स्वयंशासन नसलेल्या प्रदेशांविषयी एक संपूर्ण प्रकरण आहे, आपल्या सरकारने स्वीकारली. या दोन बातम्या पाठोपाठ वाचल्यावर गप्प बसणे मला जमेना. आपल्या शिपायांना आणि अंमलदारांना वाट मिळावी म्हणून जे सरकार जगाच्या न्यायासनापुढे दाद मागते, त्याच सरकारच्या अमलाखाली गोव्यातल्या माणसाला चार शेजारी जमवून एक साधा ठराव मांडायचीही सोय नाही. दाद मागण्याचा जो मार्ग आपण स्वतःसाठी उघडला आहे तो आमच्यासाठी बंद आहे, म्हणून हे पत्र उघड्यावर लिहीत आहे.

मी मूळचा अंत्रुज महालातला, म्हणजे आपल्या दप्तरातल्या फोंडा तालुक्यातला. उदरनिर्वाहासाठी मुंबईला आलो आणि गिरगावातल्या एका छापखान्यात मुद्रिते तपासण्याचे काम करतो. माझी वृद्ध आई, थोरले बंधू, वडिलार्जित कुळागर (पोफळी-माडांची बाग) आणि आमचे कुलदैवत ही सारी तिकडे आहेत. गेल्या ऑगस्टपासून हद्द बंद आहे, आगगाडी बंद आहे, आणि घरी पैसे पाठवण्याचा सरळ रस्ताही उरलेला नाही. ही नाकेबंदी दिल्लीने केली हे मला ठाऊक आहे, आणि तिची झळ लिस्बनला लागण्याआधी गोव्यातल्या गरिबाच्या चुलीला लागली हेही मी लपवत नाही. त्याबद्दल जे सांगायचे ते मी दिल्लीला सांगेन, आणि तिथे ते सांगितल्याबद्दल मला कोणी किल्ल्यात टाकणार नाही. आपल्या बाबतीत तसे म्हणता येत नाही. या पत्राखाली माझे नाव नाही याचे कारण एवढेच की माझी माणसे आपल्या पोलिसांच्या हाताच्या अंतरावर राहतात.

आपण गोव्यावर गेली अनेक वर्षे राज्य करीत आहात, परंतु गोव्यात आपण एकदाही पाऊल टाकलेले नाही. मांडवीचे पाणी आपण पाहिलेले नाही, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात काय विकायला येते आणि ते घेण्यासाठी लोकांच्या गाठीला किती पैसे असतात, याचीही आपल्याला प्रत्यक्ष माहिती नाही. उंटावरून शेळ्या हाकणे म्हणतात ते याहून वेगळे नसावे. तरीही गोव्याचा आत्मा पोर्तुगीज आहे असे आपण जगाला वारंवार सांगता, आणि ज्यांचा तो आत्मा, त्यांना मात्र एकदाही विचारत नाही.

आमची पहिली तक्रार याच मुळाशी आहे. १९३० च्या वसाहत कायद्याने आपण जाहीर केले की समुद्रापलीकडच्या मुलखांवर ताबा ठेवणे आणि तिथल्या लोकांना सुसंस्कृत करणे हे पोर्तुगीज राष्ट्राचे मूलभूत कार्य आहे. १९५१ मध्ये घटनेत दुरुस्ती करून त्याच मुलखांना प्रांत ठरवले गेले. प्रांत झाल्यावर गोव्याला काय मिळाले, याचा शोध मी आपली राजपत्रे वाचणाऱ्या वकिलांकडे केला. गव्हर्नर जनरल पूर्वीसारखाच लिस्बनहून नेमून येतो, कर बसवण्याचा आणि पैसा खर्चण्याचा अंतिम अधिकार पूर्वीसारखाच लिस्बनकडे आहे, आणि राष्ट्रीय सभेत गोव्याच्या नावाने बसणारी माणसे आपल्या एकमेव मान्य संघटनेच्या यादीतूनच जातात. दुसरा पक्ष काढता येत नाही, त्यामुळे दुसरी यादी निघण्याचा प्रश्नच येत नाही. खुद्द लिस्बनच्या आणि पोर्तोच्या नागरिकालाही याहून फारसे अधिक मिळत नाही, असे आपण म्हणू शकाल. ते खरे आहे, आणि त्याचे आम्हाला वाईट वाटते. पोर्तुगीज जनतेशी आमचे वैर नाही. तिचे तुरुंग आणि आमचे तुरुंग एकाच राज्यकर्त्यांनी भरलेले आहेत.

गोव्याचा असंतोष ही भारताने अलीकडे बाहेरून आणलेली वस्तू आहे, असे आपले अधिकारी सांगतात. त्यांना आपल्याच दप्तरखान्यातले कागद काढायला सांगावे. १७८७ साली, म्हणजे फ्रेंच राज्यक्रांतीच्याही दोन वर्षे आधी, कांदोळीच्या पिंटो घराण्यातल्या आणि त्यांच्याबरोबरच्या ख्रिस्ती धर्मगुरूंनी व सैनिकांनी आपली सत्ता उलथण्याचा कट केला. तो उघडकीस आल्यावर पणजीत त्यातल्या अनेकांना हालहाल करून मारण्यात आले. १८५२ साली दीपाजी राण्यांनी गोव्याच्या सत्तरी महालात उठाव केला, तेव्हा भारतातली काँग्रेस जन्मालाही आली नव्हती. १८९५ साली दादा राण्यांच्या काळात सत्तरी पुन्हा पेटली. सनदशीर मार्गाने गेलेल्यांची गतही सांगण्यासारखी आहे. बेर्नार्दो पेरिश द सिल्वा हे गोमंतकीय, लिस्बनच्या संसदेत गोव्याचे प्रतिनिधी म्हणून बसलेले आणि खुद्द आपल्या राजसत्तेने नेमलेले. १८३५ मध्ये ते गोव्याचे प्रमुख म्हणून पणजीत आले आणि अवघ्या १७ दिवसांत तिथल्या लष्करी मंडळींनी त्यांना हाकलून दिले. एतद्देशीय माणूस, राजनिष्ठ असूनही, वरच्या खुर्चीत चालला नाही. त्यानंतर शंभर वर्षे उलटली तरी ती खुर्ची कुणा गोमंतकीयाच्या वाट्याला आल्याचे आम्ही पाहिले नाही.

जुन्या जखमा मी मुद्दाम उगाळत बसणार नाही. आमची म्हाळसा वेर्ण्याहून, मंगेश कुशस्थळीहून आणि शांतादुर्गा केळशीहून रातोरात नदीपार का आणावी लागली, हे अंत्रुजातल्या प्रत्येक पोराला आजी सांगते. पाखंडाच्या संशयावरून लोकांना शिक्षा देणारी धर्मसमीक्षण सभा (इन्क्विझिशन) १५६० मध्ये सुरू झाली आणि १८१२ मध्ये कायमची बंद झाली. हा हिशेब आजच्या पोर्तुगीज माणसाकडे मागणे मला न्याय्य वाटत नाही. मागायचा आहे तो आजचा हिशेब, आणि तोही पुरेसा मोठा आहे.

आमची दुसरी तक्रार, जी मला व्यवसायामुळे सर्वांत जवळची आहे, ती छापील आणि उच्चारित शब्दावरच्या बंदीची. गोव्यात वृत्तपत्राचा प्रत्येक मजकूर छापण्यापूर्वी तपासनिसाकडे जातो. पण केवळ वृत्तपत्राचाच जातो असे नाही. माझ्या पुतणीच्या लग्नपत्रिकेचा मजकूर बंधूंना तालुक्याच्या एका कचेरीत मंजुरीसाठी न्यावा लागला. कारकुनाने मुहूर्त पाहिला नाही, स्थळ पाहिले नाही. पत्रिकेच्या तळाशी ‘आपले नम्र’ म्हणून जी नावे असतात तिथे त्याने पेन्सिल टेकवली आणि यातले मुंबईत कोण राहतात, काय काम करतात, शेवटचे गावी कधी आले होते, असे एकेक विचारू लागला. माझ्या नावापुढे छापखान्याचा उल्लेख होताच पेन्सिल थांबली. ते नाव काढल्यावर शिक्का बसला. सख्ख्या पुतणीच्या लग्नपत्रिकेत काकाचे नाव नाही, ते का नाही हे मांडवात सर्वांना माहीत होते, आणि कोणीही ते मोठ्याने बोलले नाही. हे दुःख फार मोठे आहे असे मी म्हणत नाही, कारण त्याच काळात इतरांच्या वाट्याला जे आले त्यापुढे ते काहीच नाही. परंतु ज्या राज्याला लग्नपत्रिकेची भीती वाटते त्याला प्रजेच्या निष्ठेची खात्री आहे, हे मी तरी कसे मानावे?

इतरांच्या वाट्याला काय आले तेही लिहितो. १९२८ मध्ये गोवा काँग्रेस समिती स्थापन करणारे त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा यांना १९४६ मध्ये लष्करी न्यायालयापुढे उभे करून आठ वर्षांची शिक्षा दिली गेली आणि पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेण्यात आले. त्याच वर्षी १८ जूनला मडगावात डॉ. राममनोहर लोहिया आणि डॉ. जुलियांव मिनेझिस यांनी केवळ सभा घेण्याचा प्रयत्न केला होता, आणि त्यानंतरच्या महिन्यांत त्यासाठी गोव्यातल्या कितीतरी माणसांनी मार खाल्ला व तुरुंग पाहिला. पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे यांनाही हद्दपार करून आपल्या देशात नेले गेले. फेब्रुवारी १९५४ मध्ये म्हापशाचे शल्यवैद्य डॉ. पुंडलीक गायतोंडे एका निरोपाच्या मेजवानीला गेले असता कोणीतरी गोवा म्हणजे पोर्तुगालच असे भाषण केले, आणि त्यांनी ‘मी निषेध करतो’ एवढेच शब्द, तेही आपल्याच भाषेत, उच्चारले. त्यांना अटक करून लिस्बनला पाठवले गेले आणि म्हापशातले रोगी आपल्या डॉक्टरविना राहिले. गेल्या एप्रिलमध्ये त्याच म्हापशात सुधाताई जोशी यांनी नॅशनल काँग्रेस गोवाच्या अधिवेशनाचे अध्यक्षपद स्वीकारून भाषण सुरू केले, आणि त्यांना धरून नेण्यात आले. या यादीत हिंदू आहेत, ख्रिस्ती आहेत, पुरुष आहेत, स्त्रिया आहेत. गोव्याची चळवळ म्हणजे ख्रिस्ती गोमंतकाला हिंदू भारताने गिळण्याचा डाव, असे आपल्या आकाशवाणीवरून सांगितले जाते. कुन्हा आणि मिनेझिस या आडनावांचे स्पष्टीकरण तिथे दिले जात नाही.

आणि मग गेल्या वर्षीचा १५ ऑगस्ट. त्या दिवशी भारताच्या वेगवेगळ्या प्रांतांतून आलेले हजारो सत्याग्रही हातात झेंडे घेऊन, शस्त्राशिवाय, ठिकठिकाणी गोव्याच्या आणि दमणच्या हद्दीत शिरले. आपल्या सैनिकांनी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्यांना अटक करता आली असती. मे महिन्यापासून सेनापती बापट, नानासाहेब गोरे यांच्या तुकड्यांना अडवून, मारहाण करून का होईना, अटकच केली जात होती. त्या एका दिवशी वीसहून अधिक माणसे मेली. पत्रादेवीला पंजाबचा कर्नैलसिंग पडला. ज्या भूमीशी त्याचे नाते केवळ मनाचे होते तिच्यासाठी तो इतक्या दुरून आला होता. पनवेलचे हिरवे गुरुजी परत आले नाहीत. मुंबईत दुसऱ्या दिवशी काय वातावरण होते हे आपल्याला कळले असेलच. निःशस्त्र माणसावर गोळी झाडण्याचा हुकूम कोणी दिला, तो पणजीत ठरला की लिस्बनमध्ये, आणि त्याची चौकशी झाली काय, या तीन प्रश्नांची उत्तरे आजपर्यंत कोणी दिलेली नाहीत. काही तरुणांनी त्यानंतर, आणि त्याआधीही, शस्त्रे हाती घेतली. ती वाट माझी नव्हे, परंतु सभेची, छापण्याची आणि शांतपणे चालत जाण्याची अशा तिन्ही वाटा ज्यांनी बंद केल्या त्यांनी चौथ्या वाटेबद्दल इतरांना दोष देऊ नये.

आपण राजकारणात येण्यापूर्वी कोइंब्राच्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होता, आणि देशाचा ताळेबंद बसवल्याबद्दल आपली ख्याती झाली, म्हणून पोटापाण्याची तक्रार आपल्याला लवकर उमजावी. गोवा हा प्रदेश आपल्या माणसांना पोसू शकत नाही. कोणत्याही गावात जा, घरटी एक तरी माणूस मुंबईत, पुण्यात, कराचीत, पूर्व आफ्रिकेत किंवा एखाद्या आगबोटीवर खानसामा वा खलाशी म्हणून काम करत असतो. धोबीतलावच्या आणि माझगावच्या कुडांमध्ये, म्हणजे गावकऱ्यांच्या वसतिगृहांत, आपापल्या गावांच्या नावाने खाटा मांडून आमचे ख्रिस्ती बांधव राहतात, आणि तिथून गेलेल्या पैशांवर गोव्यातल्या साष्टीत व बार्देशात दिवे लागतात. साडेचारशे वर्षांच्या राज्यात आपण एक वैद्यकीय शाळा आणि एक लिसेव (माध्यमिक शाळा) दिले, विद्यापीठ दिले नाही. मराठी शाळा गावकऱ्यांनी वर्गणी काढून, देवळाच्या अग्रशाळेत बाके मांडून चालवल्या. आता डोंगर खोदून लोखंडाचे आणि मँगनीजचे खनिज मुरगावच्या बंदरातून जपानकडे जात आहे, आणि आपले लोक त्याला भरभराट म्हणतात. डोंगर आमचे, खाली शेतात उतरणारा गाळ आमचा, आणि त्या खाणींचे परवाने कोणाला द्यावेत व त्यातून आलेल्या महसुलाचे काय करावे हे ठरवताना आमचा आवाज कुठेच नाही.

आता दादरा आणि नगर हवेलीबद्दल एक शब्द, कारण आपला अर्ज त्यावरच आहे. त्या गावांवरचा आपला दावा पुण्याच्या पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेल्या तहापर्यंत मागे जातो. मराठी इतिहास थोडाबहुत वाचलेल्या माणसाला त्या तहातले बारा हजार रुपये ठाऊक आहेत. पेशव्यांनी आपल्याला त्या रकमेच्या वसुलाची गावे लावून दिली. सरंजामात वसूल देणे आणि राज्य देणे या दोन गोष्टी आमच्या दप्तरात नेहमी वेगळ्या ठेवल्या जात. न्यायालय काय ठरवील ते ठरवो. मला त्यात इतकेच दिसते की पावणेदोनशे वर्षांपूर्वीच्या एका कागदावर ज्यांची गावे गेली, त्या वारली आणि कोकणा लोकांना त्या वेळी कोणी विचारले नव्हते, आणि आज हेगच्या अर्जातही त्यांची इच्छा काय आहे याला जागा नाही. जुलै–ऑगस्ट १९५४ मध्ये आपला अंमल तिथून उठला तेव्हा तो परत यावा म्हणून त्या गावांतून एकही मोर्चा निघाल्याचे ऐकिवात नाही.

सार्वमत घ्या, म्हणजे गोवेकरांचा कौल दिसेल, असे काही तटस्थ लोक सुचवतात. आपण तेही कधी मान्य केलेले नाही. पण मानलेच, तरी तपासनीस, लष्करी न्यायालय आणि बंदूकधारी पहारा जागेवर ठेवून घेतलेल्या मतदानाला कोण कौल म्हणेल? आधी माणसाचे तोंड मोकळे करावे लागते. फ्रान्सही दूरचाच देश होता, त्यालाही आपल्या भाषेचा आणि संस्कृतीचा अभिमान कमी नव्हता. त्याने वाटाघाटी केल्या आणि १ नोव्हेंबर १९५४ रोजी पाँडिचेरीचा कारभार भारताकडे सोपवला. त्यामुळे फ्रान्सची प्रतिष्ठा भारतात घटलेली मला दिसत नाही, उलट वाढलेली दिसते. भारत सरकारने आपल्याकडे फेब्रुवारी १९५० मध्येच वाटाघाटीची विनंती केली होती. हा विषय चर्चेचा नाही असे उत्तर मिळाले, आणि तीन वर्षे वाट पाहून लिस्बनमधली भारतीय वकिलात १९५३ च्या जूनमध्ये बंद करावी लागली.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट शब्दांत मांडतो. गोव्यातल्या किल्ल्यांत आणि पोर्तुगालच्या तुरुंगांत असलेले सर्व राजकीय कैदी, गोमंतकीय असोत वा भारतातून आलेले सत्याग्रही असोत, बिनशर्त सोडावेत आणि हद्दपार केलेल्यांना स्वगृही येऊ द्यावे. नागरिकांना लष्करी न्यायालयापुढे उभे करणे थांबवावे. छापण्यापूर्वीची तपासणी रद्द करावी, सभा घेण्याचा आणि पक्ष काढण्याचा हक्क द्यावा. १५ ऑगस्टच्या गोळीबाराची चौकशी आपल्या अमलाबाहेरच्या निःपक्षपाती मंडळाकडून करवावी आणि तिचा अहवाल मृतांच्या घरी पोहोचवावा. टपाल फोडणे बंद करावे, आणि आजारपण, मृत्यू, लग्न अशा प्रसंगी हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या कुटुंबांना भेटता येईल अशी सोय दिल्लीशी बोलून करावी. हीच मागणी मी दिल्लीकडेही करीत आहे.

शेवटची आणि मुख्य मागणी ही की गोवा, दमण आणि दीव यांचा कारभार भारताकडे कसा आणि किती दिवसांत सोपवायचा, यावर आपल्या सरकारने वाटाघाटी सुरू कराव्यात. त्या वाटाघाटींत गोव्यात राहू इच्छिणाऱ्या पोर्तुगीजांची घरेदारे, चर्च आणि त्याची मालमत्ता, पोर्तुगीज भाषा आणि तीत शिकलेल्यांच्या नोकऱ्या, या सर्वांना संरक्षण मिळावे, असा आग्रह आपण धरलात तर माझ्यासारखे गोमंतकीय त्याला मनापासून पाठिंबा देतील. ज्या शेजाऱ्यांबरोबर आम्ही नाताळात नेवऱ्या आणि चवथीला पातोळ्या वाटून घेत आलो, त्यांचे काही उणे व्हावे अशी आमची इच्छा नाही.

आपली वकिलात आता भारतात उरलेली नाही, म्हणून हे पत्र तिच्यामार्फत पाठवता येत नाही. त्याची पोर्तुगीज प्रत टपालाने लिस्बनला रवाना केली आहे आणि मूळ मराठी प्रत मुंबईच्या वृत्तपत्रांकडे दिली आहे. गोव्यात ती छापली जाणार नाही हे मी गृहीत धरले आहे. उत्तर द्यावेसे वाटल्यास ते पणजीच्या राजपत्रात छापावे. ते आम्हाला वाचायला मिळेल.

कळावे,

आपला,
अंत्रुज महालातला एक गोमंतकीय